कळसूबाई ज्वालामुखी आहे का?

वाचनपाठ : डोंगर, दगड आणि पाणी
या पाठात लेखी मराठी आणि बोली मराठी दोन्ही आहेत. मुख्य पाठ लेखी भाषेत आहे आणि मधला संवाद बोली भाषेत आहे. वाचताना दोन्हींतला फरक शोधा.

वाचण्यापूर्वी

जोडीदाराशी बोला. उत्तर चुकलं तरी चालेल, पण मराठीत बोला.

१. 'ज्वाला' म्हणजे आगीचा लोळ आणि 'मुख' म्हणजे तोंड. मग 'ज्वालामुखी' म्हणजे काय असेल?
२. ज्वालामुखीचं एक छोटं चित्र वहीत काढा. तुमच्या चित्रातल्या डोंगराचा आकार कसा आहे?
३. तुमच्या घराखाली, अगदी खोल, कोणता दगड असेल?

१. दोन डोंगर, दोन देवी

जपानमधला फुजी पर्वत तुम्ही चित्रांत नक्की पाहिला असेल. तो खाली रुंद आणि वर निमुळता आहे. माथ्यावर बर्फ असतो आणि मधोमध एक खोल तोंड आहे. फुजीची उंची ३७७६ मीटर आहे. तो जिवंत ज्वालामुखी मानला जातो, कारण तो पुन्हा जागा होऊ शकतो. त्याचा शेवटचा उद्रेक १७०७ साली झाला. तेव्हा उडालेली राख सुमारे १०० किलोमीटर दूर असलेल्या एदो शहरावर, म्हणजे आजच्या टोकियोवर पडली होती.

महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर म्हणजे कळसूबाई. हे शिखर सह्याद्रीच्या रांगेत, अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात आहे. या जिल्ह्याचे जुने नाव अहमदनगर. कळसूबाईची उंची १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट आहे. ब्रिटनमधले सर्वांत उंच शिखर बेन नेव्हिस १३४५ मीटर उंच आहे. कळसूबाई त्याच्यापेक्षा ३०१ मीटरने उंच आहे. पिनरजवळची हॅरो-ऑन-द-हिलची टेकडी साधारण १२४ मीटर उंच आहे. अशा तेरा टेकड्या एकमेकींवर रचल्या, तरी कळसूबाईचा माथा थोडा वरच राहील.

फुजीवर कोनोहानासाकुया-हिमे या देवीची पूजा होते. डोंगरातली आग तिने शांत ठेवावी, अशी लोकांची श्रद्धा आहे. कळसूबाईच्या माथ्यावरही देवीचे लहानसे देऊळ आहे. दोन्ही डोंगरांवर लोक श्रद्धेने चढतात. दोन्ही डोंगरांचा दगड पृथ्वीच्या पोटातून बाहेर आला. मग कळसूबाईसुद्धा ज्वालामुखी आहे का?

या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. म्हणूनच हा पाठ.

२. भुईला भेगा पडल्या

ज्वालामुखी दोन प्रकारचे असतात. एका प्रकारात लाव्हा एकाच तोंडातून बाहेर पडतो. तो तोंडाभोवती साचतो. त्यावर राख पडते, मग पुन्हा लाव्हा येतो. असे थर साचून शंकूसारखा डोंगर तयार होतो. याला केंद्रीय ज्वालामुखी म्हणतात. फुजी हा असा डोंगर आहे. आज दिसणारा त्याचा शंकू गेल्या सुमारे १० हजार वर्षांत घडला आहे.

दुसऱ्या प्रकारात डोंगर नसतो आणि तोंडही नसते. जमिनीला लांबच लांब भेगा पडतात आणि त्या भेगांतून लाव्हा वर येतो. हा लाव्हा पातळ असतो, त्यामुळे तो साचून उंच होत नाही, तर दूरवर पसरतो. घरी घावन करताना पाहिले आहे का? पातळ पीठ तव्यावर ओतले की ते लगेच पसरते. भाकरीचे पीठ मात्र जिथे ठेवावे तिथेच राहते. भेगांतून येणारा लाव्हा घावनाच्या पिठासारखा असतो. याला भेगीय ज्वालामुखी म्हणतात.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आजच्या महाराष्ट्राच्या जमिनीला अशा भेगा पडल्या. तेव्हा भारत आजच्या जागी नव्हता. तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला, हिंदी महासागरात होता आणि हळूहळू उत्तरेकडे सरकत होता. भेगांतून लाव्हा बाहेर आला, पसरला, थंड झाला आणि त्याचा काळा दगड झाला. काही काळ शांततेत गेला. मग पुन्हा लाव्हा आला आणि जुन्या थरावर पसरला. असे पुन्हा पुन्हा घडले. यातला बराचसा लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत बाहेर आला. आपल्याला दहा लाख वर्षे खूप वाटतात, पण पृथ्वीच्या वयापुढे हा काळ फारच थोडा आहे.

या थरांतून दख्खनचे पठार तयार झाले. आज या दगडाने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापली आहे. म्हणजे संपूर्ण युनायटेड किंगडमच्या जवळजवळ दुप्पट! सह्याद्रीच्या काही भागांत सगळ्या थरांची मिळून जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते.

या काळ्या दगडाला शास्त्रज्ञ बेसॉल्ट म्हणतात. महाराष्ट्रातले लोक त्याला काळा पाषाण किंवा कातळ म्हणतात. अजिंठा आणि वेरूळची लेणी याच दगडात कोरली आहेत. रायगड, राजगड, हरिश्चंद्रगड हे किल्लेही याच दगडाच्या डोंगरांवर उभे आहेत.

ब्रिटनमध्येही असा दगड पाहता येतो. उत्तर आयर्लंडमध्ये जायंट्स कॉजवे नावाची जागा आहे. तिथे समुद्रकाठी बेसॉल्टचे सुमारे ४० हजार खांब आहेत. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला तडे जातात. त्यातून असे खांब तयार होतात. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल नावाची टेकडी आहे. तिथेही असेच उभे खांब आहेत, पण त्यांच्या चारी बाजूंना आता इमारती आहेत.

३. डोंगर कसा वाचावा?

पुस्तक पानापानाने वाचतात. कळसूबाई थराथराने वाचायची असते.

लांबून पाहिले तर सह्याद्रीचे डोंगर पायऱ्यांसारखे दिसतात. आधी उभा कडा, मग थोडी सपाट जागा, मग पुन्हा कडा. लाव्हाच्या प्रत्येक थराचा काही भाग टणक असतो. तो सहज झिजत नाही, म्हणून त्याचा कडा होतो. काही भाग भुसभुशीत असतो. तो लवकर झिजतो आणि तिथे सपाटी तयार होते. अशा सपाट जागांवर माणसांनी शेते केली आणि वाड्या वसवल्या. या दगडाला इंग्रजीत 'ट्रॅप' असेही म्हणतात. हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे.

जवळ गेल्यावर आणखी दोन खुणा दिसतात.

पहिली खूण म्हणजे लाल पट्टा. दोन काळ्या थरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी रंगाचा पातळ थर असतो. एक उद्रेक संपल्यावर दुसरा होईपर्यंत मधे बराच काळ गेला. त्या काळात ऊन, वारा आणि पावसाने वरचा दगड कुजला आणि त्याची माती झाली. मग त्या मातीवर नवा लाव्हा आला आणि ती भाजली गेली. लाल पट्टा दिसला की समजायचे, इथे पृथ्वीने विश्रांती घेतली होती.

दुसरी खूण म्हणजे दगडातली भोके. लाव्हामध्ये वायूचे बुडबुडे असतात. लाव्हा थिजला की बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहतात. पुढे दगडातून पाणी झिरपते आणि त्या पोकळ्यांत पांढरे, हिरवट किंवा गुलाबी स्फटिक वाढतात. कळसूबाईपासून फार दूर नसलेल्या सिन्नर या गावी गारगोटी संग्रहालय आहे. तिथे असे स्फटिक पाहायला मिळतात. बाहेरून काळा आणि ओबडधोबड दगड, आणि आत चकाकणारे स्फटिक!

आता एक गमतीची गोष्ट. भूशास्त्रज्ञांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या लाव्हाच्या थरांचे तीन मोठे गट केले आहेत. सर्वांत खालच्या, म्हणजे सर्वांत जुन्या गटाचे नाव आहे कळसूबाई. त्याच्या वर लोणावळा आणि सर्वांत वर वाई. जगभरचे शास्त्रज्ञ आपल्या लेखांत ही तीन मराठी नावे वापरतात.

पण थांबा. सर्वांत उंच शिखराचा दगड सर्वांत खालच्या गटातला कसा? कारण हे थर अगदी सपाट नाहीत. ते दक्षिणेकडे हळूहळू कलत गेले आहेत. महाबळेश्वर कळसूबाईच्या दक्षिणेला आहे आणि तिच्यापेक्षा सुमारे २०० मीटरने ठेंगणे आहे. तरीही तिथल्या माथ्यावरचा दगड वरच्या गटातला, म्हणजे वयाने लहान आहे. उंची आणि वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरातली सर्वांत उंच व्यक्ती सर्वांत मोठी असेलच असे नाही!

४. संवाद : शाळेत काय सांगू?

(नात पिनरला राहते. तिचे आजोबा नाशिकला असतात. रविवारी दोघे व्हिडिओ कॉलवर बोलत आहेत.)

नात : आबा, मला एक प्रॉब्लेम आलाय.

आबा : काय झालं गं बाळा?

नात : भूगोलाच्या तासाला प्रत्येकाला एका ज्वालामुखीवर बोलायचंय. सगळ्यांनी भारी भारी घेतलेत. एकानं फुजी, एकीनं एटना. मी म्हटलं, मी कळसूबाई घेते. आमच्या महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा ज्वालामुखी!

आबा : आणि टीचर काय म्हणाल्या?

नात : त्या म्हणाल्या, नीट शोधून बघ. मी शोधलं तर तिथे लिहिलंय की भारतात एकच जिवंत ज्वालामुखी आहे. अंदमानजवळचं बॅरन बेट. कळसूबाईचं नावच नाही! मग आता मी काय सांगू?

आबा : खरं तेच सांग की. त्यात काय एवढं?

नात : पण खरं बोअरिंग आहे ना! 'हा ज्वालामुखी नाही' असं सांगून खाली बसू का?

आबा : अगं, आधी ऐकून तर घे. फुजी कसा तयार झाला?

नात : आतून लाव्हा आला, साचत गेला, डोंगर वाढत गेला.

आबा : बरोबर. म्हणजे फुजी वाढला. कळसूबाई वाढली नाही. ती उरली.

नात : उरली म्हणजे?

आबा : असं बघ. तुझी आई बर्फी करते, तेव्हा ताटात काय असतं?

नात : एक मोठी सपाट वडी. कापायच्या आधीची.

आबा : हां. आता सगळ्यांनी चारी बाजूंनी तुकडे उचलले आणि मधे एकच वडी राहिली, तर ती कशी दिसेल?

नात : एकटीच उंच उभी!

आबा : झालं तर मग. आधी सगळीकडे लाव्हाचं सपाट पठार होतं. मग पावसानं आणि नद्यांनी ते कोट्यवधी वर्षं कापलं. दऱ्या झाल्या, घळी झाल्या. आजूबाजूचा दगड वाहून गेला आणि जो राहिला, त्याला आपण कळसूबाई म्हणतो.

नात : म्हणजे फुजी आगीनं बनवला आणि कळसूबाई पाण्यानं?

आबा : दगड आगीनं दिला, आकार पाण्यानं दिला. हे वाक्य सांग वर्गात.

नात : थांबा थांबा, लिहून घेते… आबा, तुम्ही वर गेलाय का हो कधी?

आबा : तरुणपणी दोनदा. बारी गावातून वाट आहे. साधारण तीन तास लागतात. उभ्या कड्यांवर लोखंडी शिड्या लावल्यात. शिडीवर पाय ठेवला की खाली बघायचं नाही, हे मला आधीच बजावलं होतं.

नात : आणि तुम्ही बघितलं?

आबा : लगेच! पाय असे लटपटायला लागले म्हणून सांगू. पण वर पोचलो आणि सगळं विसरलो. एका बाजूला अलंग, मदन, कुलंग हे तीन गड. दुसरीकडे भंडारदऱ्याचं पाणी चमकत होतं. आणि वारा एवढा, की बोललेलं ऐकू येत नव्हतं.

नात : मलाही जायचंय. या सुट्टीत?

आबा : तुझी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये. तेव्हा तिथे धो धो पाऊस असतो, शिड्या निसरड्या होतात, धुक्यात काही दिसत नाही. डिसेंबरात आलात तर जाऊ. मी पायथ्याशी बसेन, तू वर जा. आणि एक लक्षात ठेव. पाण्याची बाटली नेलीस, तर रिकामी बाटलीही परत खाली आणायची. डोंगरावर कचरागाडी येत नाही.

५. पिनरच्या खाली काय आहे?

आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. तुमच्या घराखाली कोणता दगड आहे?

पिनरमध्ये राहणाऱ्यांच्या पायाखाली आधी चिकणमाती वगैरेचे थर आहेत आणि त्यांच्या खाली पांढरा खडू आहे. हा खडू आगीतून आलेला नाही. तो समुद्राच्या तळाशी तयार झाला. डायनोसॉरच्या काळात दक्षिण इंग्लंडवर उबदार समुद्र होता. त्यात डोळ्यांना न दिसणारे अगणित सूक्ष्म जीव राहत. ते मेले की त्यांची कवचे तळाशी पडत. लाखो वर्षे ती कवचे साचत राहिली आणि त्यांचा खडू झाला.

पिनरमध्ये जमिनीखाली खडूच्या जुन्या खाणी आहेत. खडू भाजून चुना मिळत असे. म्हणून लोकांनी खोल खड्डे खणून तो बाहेर काढला. खडूच्या थरात गारेचे टणक गोळेही सापडतात. पिनरच्या जुन्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चच्या भिंती याच गारेच्या दगडाच्या आहेत. कळसूबाईच्या जवळ रतनवाडी गावात अमृतेश्वराचे जुने देऊळ आहे. ते काळ्या पाषाणाचे आहे. दोन्हीकडे लोकांनी पायाखालचा दगड घेतला आणि त्यातून देवाचे घर बांधले.

पिनरचा खडू कळसूबाईच्या दगडापेक्षा जुना आहे. इंग्लंडमध्ये समुद्राच्या तळाशी शांतपणे खडू साचला. तो काळ संपत आला, तेव्हा तिकडे भारताच्या भुईला भेगा पडल्या. त्याच सुमारास आजच्या मेक्सिकोच्या किनाऱ्यावर एक प्रचंड लघुग्रह आदळला आणि डायनोसॉर नाहीसे झाले. लघुग्रहाचा आघात हे त्याचे मुख्य कारण, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. पण दख्खनच्या लाव्हातून निघालेल्या वायूंनी हवामान किती बिघडवले, यावर अजून वाद चालू आहे.

६. धरण उशाला, कोरड घशाला

डोंगराचा दगड हा फक्त शास्त्रज्ञांचा विषय नाही. त्यावर तिथल्या माणसांचे रोजचे जगणे अवलंबून असते.

कळसूबाईच्या परिसरात पावसाळ्यात प्रचंड पाऊस पडतो. ओढे धावू लागतात आणि कड्यांवरून धबधबे कोसळतात. डोंगरउतारावर भात, नाचणी आणि वरईची शेती होते. या भागात महादेव कोळी समाजाची वस्ती मोठी आहे. जवळच रतनगडावर प्रवरा नदी उगम पावते. तिच्यावर भंडारदऱ्याला १९२६ साली मोठे धरण बांधून पूर्ण झाले. प्रवरा पुढे पूर्वेकडे वाहत जाते आणि गोदावरीला मिळते.

एवढा पाऊस पडतो, मग उन्हाळ्यात पाणी भरपूर असायला हवे ना? तसे होत नाही. एप्रिल-मे महिन्यांत डोंगरातल्या अनेक वाड्यांमध्ये पाण्याची टंचाई असते. बायकांना आणि मुलींना डोक्यावर हंडे घेऊन लांबून पाणी आणावे लागते.

याचे एक कारण दगडात आहे. टणक कातळ पाणी पीत नाही. उतार उभा असल्यामुळे पावसाचे पाणी थांबतही नाही, ते धावत खाली जाते. जमिनीत जे थोडे मुरते, ते दगडाच्या भेगांत आणि भुसभुशीत थरांत साठते. तिथून झरे निघतात. पण उन्हाळा आला की बरेच झरे आटतात. दुसरे कारण माणसांच्या व्यवस्थेत आहे. धरणात पाणी आहे, पण धरण खाली आहे आणि वाड्या वर आहेत. ते पाणी कालव्यांतून दूरच्या, सपाट भागातल्या शेतांना मिळते. तिथे ऊस पिकतो. ज्या डोंगरावर पाऊस पडला, तिथला माणूस मात्र हंडा घेऊन चालत असतो.

मराठीत एक म्हण आहे : धरण उशाला, कोरड घशाला. उशाशी धरण आहे, पण घसा कोरडा आहे. ही म्हण अशा गावांना अगदी लागू पडते.

म्हणून या डोंगराचे थर ओळखणे उपयोगाचे आहे. कोणत्या थरात पाणी मुरते आणि कुठे झरा निघतो, हे समजले की कुठे बांध घालायचा आणि विहीर कुठे खणायची, हे ठरवता येते. लाव्हा थंड होऊन कोट्यवधी वर्षे झाली, पण आज कोणाच्या घरी पाणी येईल, यात त्याचा वाटा अजूनही आहे.

७. कळसूची गोष्ट

शास्त्रज्ञ डोंगराची गोष्ट दगडावरून सांगतात. गावातले लोक ती वेगळी सांगतात.

फार पूर्वी कळसू नावाची एक कोळ्याची मुलगी होती. तिला रानात फिरायला फार आवडे. ती डोंगराच्या पायथ्याशी एका घरी कामाला राहिली. तिने सुरुवातीलाच अट घातली, "मी बाकी सगळी कामं करीन, पण भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही." घरच्यांनी अट मान्य केली. काही दिवस सगळे ठीक चालले. एके दिवशी मात्र घरातल्या कोणीतरी तिला भांडी घासायला आणि केर काढायला सांगितले. कळसूने वाद घातला नाही. तिने सांगितलेले काम पूर्ण केले आणि ती सरळ डोंगर चढून गेली. पुन्हा ती कधी खाली आली नाही. लोक तिला देवी मानू लागले.

तिने भांडी घासली ती जागा आणि केर टाकला ती जागा डोंगरावर आजही दाखवतात. नवरात्रात लोक मोठ्या संख्येने तिच्या दर्शनाला वर जातात.

दिलेला शब्द मोडला म्हणून कामावरची एक मुलगी घर सोडून गेली. आज महाराष्ट्रातला सर्वांत उंच माथा तिच्या नावाने ओळखला जातो, आणि लाव्हाच्या सर्वांत जुन्या थरांच्या गटालाही तिचेच नाव आहे.

नवे शब्द

उद्रेक – ज्वालामुखीतून लाव्हा, राख आणि वायू जोराने बाहेर येणे
लाव्हा – पृथ्वीच्या पोटातून बाहेर आलेला वितळलेला दगड
निमुळता – टोकाकडे बारीक होत जाणारा
शंकू – आइस्क्रीमचा कोन उलटा धरल्यावर दिसतो तसा आकार
कातळ – मोठा, सलग, टणक दगड
कडा – डोंगराची उभी, भिंतीसारखी बाजू
घळ – दोन उतारांमधली अरुंद, खोल जागा
झिजणे – घासून घासून हळूहळू कमी होणे
मुरणे – पाणी जमिनीत आत जाऊन राहणे
आटणे – पाणी कमी होत होत संपणे
टंचाई – गरजेपेक्षा फार कमी असणे
उशाला – डोक्याजवळ, उशीच्या बाजूला
वाडी – गावाचा एक छोटा, थोडा दूर वसलेला भाग

भाषेकडे लक्ष द्या

अ) लेखी मराठीत आपण 'झाले, केले, सांगितले, पाणी थांबते' असे लिहितो. बोलताना मात्र 'झालं, केलं, सांगितलं, पाणी थांबतं' असे म्हणतो. बोली भाषा चुकीची नाही. घरी बोलताना आणि संवाद लिहिताना तीच शोभते. निबंध किंवा अर्ज लिहिताना लेखी रूप वापरा. एकाच परिच्छेदात दोन्ही मिसळू नका.

आ) 'वाढणे' आणि 'उरणे' या क्रियापदांकडे पाहा. झाड वाढते. मूल वाढते. जेवण झाल्यावर भाजी उरते. खर्च करून पैसे उरतात. 'वाढणे'चा आणखी एक अर्थ आहे : आई ताटात जेवण वाढते. वाक्य वाचूनच अर्थ कळतो.

इ) 'घाट' या शब्दाचेही दोन अर्थ आहेत. नदीकाठच्या दगडी पायऱ्या म्हणजे घाट, आणि डोंगरातून जाणारी वळणावळणाची वाट म्हणजेही घाट.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तर लिहा.
अ) फुजीचा शेवटचा उद्रेक कधी झाला?
आ) दोन काळ्या थरांच्या मधला लाल पट्टा काय सांगतो?
इ) लाव्हाच्या सर्वांत जुन्या गटाचे नाव काय?
ई) पिनरच्या खाली खडू कसा तयार झाला?

२. कारणे लिहा.
अ) सह्याद्रीचे डोंगर पायऱ्यांसारखे दिसतात, कारण…
आ) महाबळेश्वर ठेंगणे असूनही तिथला दगड वयाने लहान आहे, कारण…
इ) खूप पाऊस पडूनही वाड्यांमध्ये पाणी पुरत नाही, कारण…

३. संवादातली ही वाक्ये लेखी भाषेत लिहा.
अ) मला एक प्रॉब्लेम आलाय.
आ) उभ्या कड्यांवर लोखंडी शिड्या लावल्यात.
इ) आधी सगळीकडे लाव्हाचं सपाट पठार होतं.

४. वर्गात चर्चा करा.
कळसूने काम पूर्ण केले आणि मग ती निघून गेली. ती काम न करताच का गेली नाही? तुम्हाला काय वाटते?

५. बोला आणि ध्वनिमुद्रण करा.
तुम्ही संवादातली नात आहात. "कळसूबाई ज्वालामुखी आहे का?" या प्रश्नाचे उत्तर वर्गाला दोन मिनिटांत मराठीत सांगा. 'भेग', 'थर', 'झिजणे' आणि 'उरणे' हे चार शब्द वापरा. 'हो' किंवा 'नाही' एवढेच म्हणून थांबू नका.

६. घरी विचारा.
आई-बाबांच्या किंवा आजी-आजोबांच्या गावाजवळ कोणता डोंगर आहे? त्याचे नाव काय? गावात पाणी कुठून येते? उन्हाळ्यात ते पुरते का? मिळालेली माहिती आठ ते दहा वाक्यांत लेखी मराठीत लिहा.